न फिरवल्याने

"सर्व्हिसिंग कधी करायचं?" असं कुठल्याही गॅरेजमध्ये विचारलं, की मिस्त्री बॉनेटमधून डोकं बाहेर न काढता सांगतो, "दहा हजारावर आणा." रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि सुट्टीत गावाकडे पळणाऱ्या साध्या मोटारीला हे उत्तर पुरतं. स्पोर्ट्स कारला ते पुरत नाही, आणि का पुरत नाही याला चांगला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगायचा विचार आहे.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा आणि स्पोर्ट्स कारचा संबंध काय? जन्मभर स्कूटरवर फिरलो, हे खरंच. पण माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याने तिथे हौसेने एक जुनी पोर्श घेतली आणि तिचं सर्व्हिसिंग किती दिवसांनी करावं यावर त्याला पाच जणांनी सहा सल्ले दिले. "सर, मूळ साधनं बघा असं तुम्हीच शिकवायचात, आता तुम्हीच बघा," असं म्हणून त्याने निरनिराळ्या काळातल्या गाड्यांच्या पुस्तिका मला पाठवून दिल्या. मालकाला गाडीबरोबर मिळतात त्या. वाचताना मला बखरी आठवल्या. लिहिणारा कोणाच्या पदरी आहे हे लक्षात ठेवून वाचलं, तर दोन्हींतून बरंच हाती लागतं.

एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. सर्व्हिसिंगचा आकडा म्हणजे त्या गाडीतला सगळ्यात नाजूक भाग कोणता होता, याची नोंद असते. तो भाग बदलला की आकडा बदलतो.

सुरुवात १९५४ पासून करू. त्या वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मर्सिडीजने ३०० एसएल ही गाडी मांडली. पक्ष्याने पंख उचलावेत तसे तिचे दरवाजे वर उघडत. १९५७ पर्यंत अशा १,४०० गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. या गाडीच्या इंजिनात कार्ब्युरेटर नव्हता. बॉश कंपनीचा एक यांत्रिक पंप पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचा. ही युक्ती युद्धकाळातल्या जर्मन विमानांच्या इंजिनांत वापरून झाली होती, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला ती नवी होती. इंजिनमध्ये तेल किती? सुमारे दहा लिटर! साध्या मोटारीच्या दुप्पट म्हटलं तरी चालेल. आणि एवढं तेल बदलायचं कधी, तर दर १,००० मैलांनी, म्हणजे १,६०० किलोमीटरवर. मुंबई-नागपूर जाऊन परत आलात की तेल बदला!

प्रथम मला वाटलं, छपाईची चूक असावी. पण कारण वाचलं आणि पटलं. आपण किल्ली फिरवून गाडी बंद करतो तेव्हा ठिणगी बंद होते, पण इंजिन तत्क्षणी थांबत नाही, दोन-चार फेरे मारून मग थांबतं. तेवढ्या फेऱ्यांत तो यांत्रिक पंप इमानेइतबारे पेट्रोल फवारतच राही. हे न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन काढी आणि खाली तेलात जाऊन मिसळे. तेल पातळ झालं की बेअरिंगांची झीज आली. गाडी पुन्हा लांबवर, वेगात पळवली तर तेल तापून त्यातलं पेट्रोल उडून जाई. शर्यतीसाठी जन्मलेल्या गाडीला हे चालण्यासारखं होतं. पण अमेरिकेतले धनिक ती गाडी घेऊन हॉटेलपर्यंत जात आणि परत येत. तेवढ्यात तेल कोमटही होत नसे, त्यात तेल थंड ठेवायला भलामोठा कूलर बसवलेला. मग जाणकार मालकांनी काय केलं, तर तो कूलर झाकून टाकायला सुरुवात केली.

म्हणजे बघा, १,००० मैल हा आकडा गाडी फार पळते म्हणून आलेला नाही. ती पुरेशी पळत नाही, म्हणून आलेला आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे.

इंग्लिश गाड्यांची तऱ्हा वेगळी. १९६१ साली जिनिव्हाला जग्वार ई-टाइप आली. ताशी १५० मैलांचा दावा करणारी ही देखणी गाडी अडीच-तीन हजार मैल झाले की गॅरेजला लागायची. ग्रीस गन घेऊन गाडीखाली जायचं, एकेक निपल शोधून त्यात ग्रीस भरायचं, तीनही कार्ब्युरेटरच्या डोक्यावरची टोपणं काढून थेंबथेंब तेल घालायचं, पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचे. आपल्याकडे ज्यांनी कुर्ल्याची फियाट, म्हणजे पद्मिनी, बाळगली आहे त्यांना हे नवल वाटणार नाही. घासणारा प्रत्येक सांधा आणि ठिणगीने खडबडीत होणारा प्रत्येक पॉइंट मैलांच्या हिशेबाने झिजतो. त्यामुळे त्या काळी मैल मोजणं हेच शहाणपणाचं होतं. पुढे सांधे कायमचे बंद येऊ लागले, पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, कार्ब्युरेटर गेले, तेलंही सुधारली आणि ही सगळी यादी पुस्तिकांतून गळत गेली.

१९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आलेल्या पोर्श ९११ चं थोडक्यात सांगतो. सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, आणि प्रत्येकाचं टॅपेट सेटिंग एक दशांश मिलिमीटरचं. म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी फट, बारा ठिकाणी, आणि इंजिन मागच्या बंपरच्या आत दडलेलं. सुरुवातीला हे काम दहा हजार किलोमीटरवर होतं, मग आकडा वाढत गेला आणि १९९३ मध्ये ९९३ या पिढीत फट आपोआप सांभाळणारे टॅपेट आल्यावर ते कामच संपलं. भाग गेला, त्याबरोबर आकडाही गेला.

एवढं होईपर्यंत वाटावं की गोष्ट सुखाच्या दिशेने चालली आहे. पण मध्येच रबर आलं.

इंजिनाचा खालचा दांडा आणि वरचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे यांची चाल एकमेकांशी जुळलेली असावी लागते. याला टायमिंग म्हणतात. पूर्वी हे काम लोखंडी साखळी करी. १९६२ साली जर्मनीत बव्हेरियातल्या ग्लास नावाच्या एका छोट्या कंपनीने आपल्या १००४ या मोटारीत साखळीऐवजी दाते असलेला रबरी पट्टा वापरला. पट्टा हलका, स्वस्त, आवाज न करणारा, त्याला तेल लागत नाही. चार वर्षांनी ती कंपनी बीएमडब्ल्यूने गिळली, पण पट्टा जगभर गेला. त्याला स्पोर्ट्स कारमध्ये मोठा मान मिळवून दिला तो आउरेलिओ लाम्प्रेदी यांनी. हे गृहस्थ मूळचे फेरारीचे. १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला फेरारीने फॉर्म्युला वनमधली आपली पहिली शर्यत जिंकली ती लाम्प्रेदींच्या बारा सिलिंडरच्या इंजिनावर. १९५२ आणि १९५३ ची अस्कारीची दोन्ही विश्वविजेतेपदं लाम्प्रेदींच्याच चार सिलिंडरच्या इंजिनावर. १९५५ मध्ये ते फियाटकडे गेले आणि तिथे १९६६ च्या १२४ स्पोर्टसाठी त्यांनी दुहेरी दांड्याचं इंजिन केलं, ते पट्ट्यावर चालणारं. सात वर्षांनी, १९७३ मध्ये, त्यांच्या जुन्या घरातही पट्टा शिरला. फेरारीची बर्लिनेट्टा बॉक्सर आणि डिनो ३०८ या दोन्ही गाड्यांत साखळीऐवजी पट्टा होता.

आता पट्ट्याचा स्वभाव बघा. साखळी सैल झाली की खडखडते, आधी सांगून त्रास देते. पट्टा बहुधा सांगत नाही. तो दिसायला ठीक असतो आणि एक दिवस तुटतो, नाहीतर त्याचे दाते निघतात. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो-मिटतो. अशा वेळी पट्टा गेला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आपटतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत इंजिनाचा चुराडा. आणि हे रबर मैल मोजत नाही! इंजिनाच्या उष्णतेने, हवेने ते कडक होत जातं, गाडी उभी असली तरी. उलट उभ्या गाडीत तो पट्टा महिनोन् महिने एकाच जागी, एकाच पुलीवर ताणलेला राहतो.

म्हणून फेरारीच्या पुस्तिकांमध्ये मैलांच्या शेजारी वर्षं आली. एफ३५५ किंवा ३६० मोडेना यांसारख्या गाड्यांना साधारण ३०,००० मैल किंवा तीन वर्षं, जे आधी होईल ते. हे "जे आधी होईल ते" वाचायला निरुपद्रवी वाटतं, पण हिशेब करून बघा. रविवारी सकाळी तासभर निघणारी गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालली तर ३०,००० मैल व्हायला चोवीस वर्षं लागतील. म्हणजे अशा मालकासाठी मैलांचा आकडा नुसता शोभेचा, खरा आकडा कॅलेंडरचा. त्यातून टेस्टारोसा, ३४८, एफ३५५ या गाड्यांत पट्टा अशा अडचणीच्या जागी की तो बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. पट्ट्याची किंमत किरकोळ, तिथवर पोचण्याची मजुरी डोळे पांढरे करणारी. घोड्यापेक्षा नालाला पैसे जास्त! साहजिकच मालक टाळाटाळ करू लागले. "गाडी चाललीच नाही तर पट्टा कशाला बदलू?" हा त्यांचा युक्तिवाद. स्वतंत्र गॅरेजवाल्यांतही दोन पंथ पडले, तीन वर्षंवाले आणि पाच वर्षंवाले, आणि त्यांचे वाद द्वैत-अद्वैताइतके रंगतात. जुन्या फेरारीच्या विक्रीच्या जाहिरातीत रंगाच्या खालोखाल पट्टा कधी बदलला ते लिहिलेलं असतं, यावरून काय ते समजा.

३६० मोडेनाने निदान एवढी सोय केली की आसनांच्या मागचं झाकण काढलं की पट्ट्याला हात पोचतो, इंजिन उतरवावं लागत नाही. आणि या गाडीशी आपला संबंध आहेच. २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला लाल रंगाची ३६० मोडेना भेट दिली. सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते. मग आयात शुल्काच्या सुमारे १ कोटी १३ लाखांच्या माफीवरून २००३ मध्ये जे रामायण झालं ते आठवत असेलच. अखेर ती रक्कम फियाटने भरली. सगळ्या देशाने शुल्काचा हिशेब केला, पट्ट्याचा कुणी केला नाही. गाडी त्याच्याकडे २०११ पर्यंत होती, मग सुरतेच्या एका खरेदीदाराकडे गेली. वेळापत्रकाप्रमाणे या काळात पट्टा बदलण्याची वेळ तीनदा येते. आणि भारतात फेरारीची अधिकृत विक्री सुरू झाली तीच मुळी २०११ मध्ये, दिल्लीला. मुंबईची खारी दमट हवा, वर्षातले चार महिने पाऊस, खड्डे. अशा ठिकाणी ही गाडी किलोमीटर थोडे आणि वर्षं भराभर गोळा करते. पेडर रोडवर दिसणाऱ्या प्रत्येक लाल-पिवळ्या गाडीची ही कथा आहे.

विषय निघालाच आहे तर मॅक्लारेन एफ१ बद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. गॉर्डन मरी यांनी रचलेली ही गाडी १९९२ ते १९९८ या काळात सगळ्या प्रकारांत मिळून फक्त १०६ बनली. तिची पेट्रोलची टाकी शर्यतीच्या गाडीसारखी रबरी पिशवीची, ती पाच वर्षांनी बदलावी लागते, मग गाडी चालो वा न चालो. याहून मौज म्हणजे तिच्या तपासणीसाठी १९९० च्या दशकातला कॉम्पॅक कंपनीचा एक विशिष्ट लॅपटॉपच लागे, कारण त्यातल्या खास कार्डाशिवाय गाडी बोलायलाच तयार नसे. २०१६ मध्ये बातमी आली होती की मॅक्लारेनची माणसं जगभर जुने कॉम्पॅक धुंडाळत आहेत, आणि त्याला पर्याय तयार करण्याचं कामही चालू आहे. कोट्यवधींची गाडी अडली कशावर, तर भंगारातल्या लॅपटॉपवर. गाडी टिकवायची तर तिला तपासणारी हत्यारंही टिकवावी लागतात, हे त्या वेळी कुणाच्या गावीही नव्हतं.

जपान्यांनी मात्र १९८९ मध्येच दाखवून दिलं होतं की स्पोर्ट्स कार म्हणजे नवसाचं मूल असायलाच हवं असं नाही. शिकागोला त्या फेब्रुवारीत आलेली माझ्दा एमएक्स-५ जुन्या इंग्लिश गाड्यांसारखी दिसे, पण तिचा पट्टा ६०,००० मैलांवर बदलायचा आणि पट्टा तुटला तरी त्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नसत. ओढून न्यायची, नवा पट्टा घालायचा, चालवायची.

फेरारीलाही अखेर शहाणपण आलं. २००२ ची एन्झो, २००४ ची एफ४३० या गाड्यांत साखळी परत आली. आणि २०११ च्या सुमारास कंपनीने सात वर्षांची देखभाल गाडीच्या किमतीतच देऊ केली. तिचा नियम काय? दर २०,००० किलोमीटर किंवा वर्षातून एकदा. पट्टा गेला तरी वर्ष राहिलं, हे लक्षात घ्या.

कारण याच सुमारास दुसरीकडे उलटं वारं वाहत होतं. मालकाला खर्च कमी दिसावा म्हणून कंपन्या तेल बदलण्याचा आकडा वाढवत होत्या. १९९७ मध्ये पाण्याने थंड होणारी नवी पोर्श, ९९६, आली. अमेरिकेत तिचं तेल १५,००० मैलांवर बदलायला सांगितलं होतं. ३०० एसएलच्या १,००० पासून १५,००० पर्यंत! तेलं सुधारली होती हे खरं, पण पंधरा पट? याच पिढीतल्या इंजिनांत मधल्या एका दांड्याचं बेअरिंग फुटून अख्खं इंजिन निकामी होण्याचे प्रकार घडले. प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेलं आणि २००१ ते २००५ च्या ठराविक गाड्यांसाठी २०१३ मध्ये तडजोड झाली. दोष मूळ बेअरिंगच्या रचनेतच, यात शंका नाही. पण या गाड्या रोज खोलणाऱ्या स्वतंत्र मिस्त्रींचं म्हणणं असं, की फार उभ्या राहणाऱ्या आणि तेल उशिरा बदललेल्या गाड्यांना हा रोग जास्त जडतो. त्यांनी आपल्यापुरता आकडा पाच-सहा हजार मैलांवर खाली आणला. माझ्या विद्यार्थ्याने घेतली ती नेमकी याच घराण्यातली. त्याला मी कळवलं की पुस्तिका लिहिणारा गाडी विकणाऱ्याच्या पदरी असतो, मिस्त्री तसा नसतो. अर्थात मिस्त्रीलाही पोट असतंच.

लहानपणी ऐकलेलं बिरबलाचं कोडं सगळ्यांना माहीत आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली? तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्याने. यात चौथा प्रश्न सहज बसेल, स्पोर्ट्स कार का बिघडली? फक्त एक पथ्य आहे. "फिरवायची" म्हणून पुष्कळ मालक दर रविवारी गाडी जागच्या जागी पाच मिनिटं सुरू करतात, आवाज ऐकून समाधान पावतात आणि बंद करतात. याने भलं होत नाही, वाईटच होतं. इंजिन पुरतं तापत नाही, जळण्यातून आलेलं पाणी आणि थोडं पेट्रोल तेलात उतरतं आणि तिथेच राहतं. ३०० एसएलवाल्यांनी १९५० च्या दशकात हेच भोगलं. फिरवायची तर चांगली अर्धा-पाऊण तास रस्त्यावर, तेल तापेपर्यंत. नाहीतर मग स्वस्थ उभी ठेवलेली बरी.

मग नेमकं किती दिवसांनी? एवढं वाचल्यावर मी जे उत्तर देतो ते असं. तेल आणि फिल्टर वर्षातून एकदा, गाडी पाचशे किलोमीटर चालली असली तरी, आणि शर्यतीच्या ट्रॅकवर नेत असाल तर त्याहून कितीतरी लवकर. पट्ट्याचं इंजिन असेल तर पुस्तिकेतल्या वर्षांना हात लावू नका, मैलांकडे बघूही नका. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. याकडे लोक फार दुर्लक्ष करतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, मिठासारखं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंश सेल्सियसला उकळायला हवं, असा दंडक आहे; त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. साध्या गाडीत हा फरक कदाचित कधी जाणवणारही नाही. पण वेगातल्या गाडीने घाटात लागोपाठ ब्रेक मारले की ते तापतात, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय थेट फळीला टेकतो. गाडी शंभर किलोमीटर चाललेली असो की लाख, पाणी मुरायचं ते मुरतंच. कोकणात तर विचारायलाच नको.

आणि टायर. सर्व्हिसिंगच्या यादीत टायर म्हटलं की लोक नक्षी बघतात, नाणं घालून खोली मोजतात. जन्मतारीख कुणी बघत नाही. ती टायरच्या कडेवर लिहिलेली असते. २००० सालापासून चार आकडी, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३५१९ असेल तर २०१९ चा पस्तिसावा आठवडा. मिशेलिनचा सल्ला असा, की पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनी, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, बदलावेत. स्पोर्ट्स कारचा चिकट टायर तर त्याच्या आधीच म्हातारा होतो.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा इथे एका पोर्श कॅरेरा जीटीला अपघात झाला. त्यात वेगवान गाड्यांच्या चित्रपटांसाठी जगभर ठाऊक असलेला अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र, दोघेही गेले. पुढच्या मार्चमध्ये तपासाचा निष्कर्ष जाहीर झाला. ताशी ४५ मैलांच्या रस्त्यावर गाडीचा वेग ८० ते ९३ मैल होता. वेग हे मुख्य कारण. पण अहवालात दुसरंही एक कारण नोंदवलेलं होतं: गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते. गाडी २००५ ची. म्हणजे टायर गाडीइतकेच जुने. वेगाबद्दल वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं, टायरच्या वयाबद्दल एखादी ओळ.

कॅरेरा जीटी एकूण १,२७० बनल्या, लाइपझिगच्या कारखान्यात, २००६ पर्यंत. २०२३ मध्ये पोर्शने अमेरिकेतल्या तिच्या मालकांना कळवलं की चाकांना धरून ठेवणारे सांधे गंजाने आणि ताणाने तडकू शकतात, तेव्हा सुटे भाग येईपर्यंत गाडी मुळीच चालवू नका. त्यानंतर पुढच्या वर्षी कंपनीने या गाडीसाठी मुद्दाम बनवून घेतलेले नवे टायरही आणले. तोवर त्या गाड्या आपापल्या गॅरेजमध्ये कव्हरखाली उभ्या होत्या, आणि त्यांच्या ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरत होतं.